पावतीवरला रिकामा रकाना

२०२० चा जून. मृगाचा पाऊस वेळेवर पडला होता, पेरण्या उरकत आल्या होत्या. दुपारी दुकानातली गर्दी जरा ओसरली तेव्हा पलीकडच्या गावचे एक मामा आले. युरिया मागतील म्हणून मी पावती पुस्तक पुढं ओढलं. त्यांनी खिशातली दस्ती काढून काउंटरवर ठेवली आणि गाठ सोडली. आत काळ्या मातीत लडबडलेलं सोयाबीन. दाणे फुगलेले, साल सुटलेली. एक दाणा मी चिमटीत धरला तर त्याचा लगदा झाला. कोंब एकालाही नव्हता.

“नऊ दिवस झाले बाई,” मामा म्हणाले. “बांधाला बांध लागून हाय त्याचं दोन पानावर आलंय.”

मग त्यांनी पावती काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डासोबत नीट ठेवलेली. अक्षर माझं. ‘सोया ३३५ – २ बॅग’, कराच्या रकान्यात शून्य, पुढं रक्कम, खाली सही. आणि मधला एक रकाना कोरा. त्याच्या डोक्यावर बारीक छापलेलं असतं: लॉट नंबर. बॅग बियाण्याच्या कुठल्या खेपेतली ते सांगणारा आकडा.

त्या वर्षी हे एकट्या आमच्या दुकानात घडलं असं नाही. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणीला आलेलं आणि पाऊस उघडीप देईना. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ. शेतात भिजलं, मळणीत दोन ठोके जास्त बसले की आतला कोंब दुखावतो, आणि दाणा वरून चांगला टपोरा दिसत राहतो. पुढच्या जूनमध्ये मराठवाडाभर बियाणं न उगवल्याची ओरड झाली, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. मामांच्या दोन एकरांत तासंच्या तासं, पेरणीच्या ओळीच्या ओळी, रिकामी होती.

आमचं कृषी सेवा केंद्र परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मोंढ्याच्या तोंडाशी. (जगात जर्मनी, भारतात परभणी. हे आम्ही कुठंही घुसडतो, सवय आहे.) आजोबांच्या काळात ते किराणा आणि सरकीचं दुकान होतं, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खत, बियाणं, औषधं आणली. अण्णांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी मी गादीवर बसायला लागले, आणि २०१९ साली मुक्त विद्यापीठातून एमबीएला नाव घातलं. त्यात एक विषय होता मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स. घरात त्याला ‘कॉम्प्युटरचा पेपर’ म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

पुस्तकानं पहिल्याच धड्यात तो समज काढून टाकला. माणसं, कामाची रीत, नोंदी आणि यंत्र हे सगळं मिळून माहिती प्रणाली, आणि त्यातलं यंत्र सगळ्यात सहज बदलता येण्यासारखं, असं काहीसं तिथं होतं. वाचलं आणि पहिल्यांदा आठवली ती आजोबांची चोपडी. लाल कापडाची, अजून माळ्यावर आहे. १९४८ च्या आधीच्या पानांवर रकमेचे दोन उभे रकाने आहेत, ‘हाली’ आणि ‘कलदार’. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, आणि मुंबई इलाख्यातून येणाऱ्या मालाचे पैसे कलदार, म्हणजे इंग्रज सरकारच्या, रुपयांत द्यावे लागत. सात हालीला सहा कलदार हा ढोबळ हिशोब. गिऱ्हाईक देणार हाली, व्यापारी मागणार कलदार, आणि मधे आमचा म्हातारा दोन रकाने आखून बसलेला. धड्यात पुढं ‘मल्टी-करन्सी अकाउंटिंग’ असा शब्द आला तेव्हा मला काउंटरवर बसल्या बसल्या हसू आलं. औषध घ्यायला आलेल्या माणसाला वाटलं, त्याला हसले.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. धंद्याच्या रोजच्या कामाला जुंपलेला जगातला पहिला संगणक म्हणून ज्याचं नाव घेतात तो कुठल्या बँकेनं किंवा कारखान्यानं आणलेला नव्हता. तो बांधला एका चहावाल्यानं. लंडनची जे. लायन्स अँड कंपनी, चहाची दुकानं चालवणारी, पाव-केक विकणारी. त्यांच्या ‘लिओ’ नावाच्या यंत्रानं नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचा हिशोब करायला सुरुवात केली. पुढं चहाच्या दुकानांच्या रोजच्या मागण्याही त्याच्याकडं गेल्या. प्रत्येक दुकानाची एक ठरलेली मागणी यंत्रात असायची, आणि दुकान सांभाळणाऱ्या बाईनं रोज फोनवर फक्त बदल सांगायचा. इतके पाव जास्त, तितके केक कमी. बाकी सगळं कालच्यासारखं.

हे तर आमच्या दूधवाल्याचं तंत्र! “उद्या पाहुणे हायत, एक लिटर वाढीव.” एवढंच सांगतो आपण. रोज सकाळी कुणी त्याला आपली पूर्ण मागणी वाचून दाखवत नाही. चहावाल्या कंपनीनं कोट्यवधी आकडेमोडी करणारं यंत्र आणलं, पण त्याहून मोठी गोष्ट केली ती ही, की माणसानं यंत्राला काय सांगायचं आणि काय नाही हे आधी ठरवलं. मी या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. रेघ मारणं सोपं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णांना दस्तीतलं सोयाबीन दाखवलं. ते म्हणाले, “त्या आठवड्यात लॉट किती आलते ते बघ.” दोन आले होते. कंपनीच्या चलनावर दोन्हींचे आकडे ठळक. म्हणजे दुकानात आलेल्या मालाचा माग माझ्याकडं होता, दुकानातून गेलेल्या मालाचा नव्हता. दोन्ही लॉटच्या थप्प्या शेजारी-शेजारी लागलेल्या. आमच्या हमालदादांना विचारलं. त्यांना बरंच आठवत होतं. “दारातली थप्पी पावसाच्या झडीत येत व्हती म्हणून आधी ती उपसली, मग भितीकडची. पण मामा सकाळी आलते का दुपारी?”

पावतीवर तारीख असते, वेळ नसते. अनुक्रमांक असतो खरा, पण त्या गर्दीत माझं एक आणि अण्णांचं एक अशी दोन पुस्तकं चालू होती, आणि कुठल्या पावतीला थप्पी बदलली हे हमालदादांनी कुठं लिहून ठेवायचं? मामांकडं बॅगा होत्या. एक त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरवर झाकली होती. पण लॉट नंबर असलेला टॅग शिवणीत असतो. पेरणीच्या घाईत दोरा ओढला की शिवणीसकट निघून जातो, आणि ट्रॅक्टरमागं कुठं उडाला ते कोण बघतं.

अण्णा म्हणाले, “दोन्हींतला एक नंबर टाकून दे. त्याचं काम तरी व्हईल.”

मी टाकला नाही, यात माझा मोठेपणा काही नाही. कार्बनच्या प्रतीवर रकाना कोरा आणि मूळ पावतीवर निळ्या शाईचा ताजा आकडा, हे तक्रार बघायला येणाऱ्या समितीतल्या कुणालाही उघड्या डोळ्यांनी दिसलं असतं. शिवाय चुकीचा लॉट लिहिला गेला तर ज्यांची तक्रार खरी त्या लॉटवर आहे त्यांच्या पंचनाम्याला फाटे फुटले असते. हे दुसरं कारण मला नंतर सुचलं, हेही कबूल करते.

तालुक्याच्या तक्रार निवारण समितीची माणसं आली, तासं मोजली, रोपं मोजली, पंचनामा लिहिला. पावती, टॅग, पिशवी, मूठभर शिल्लक बियाणं यातलं काय आहे ते विचारलं. दोन्ही लॉटचे आकडे देऊन, यांपैकी कुठलाही असू शकतो, असं पत्र मी दिलं. मामांच्या तक्रारीला लॉट चिकटला नाही आणि ती तशीच राहिली. त्याच आठवड्यात आमच्याच दुकानातून बियाणं नेलेल्या दोघांना कंपनीकडून बदली बियाणं मिळालं. त्यांच्या पावत्यांवर मी लॉट नंबर लिहिला होता. ते दोघं संध्याकाळी सातच्या पुढं आले होते, तेव्हा गर्दी नव्हती. माल तोच, लिहिणारी तीच.

मामांनी घरच्या सोयाबीनची दुबार पेरणी केली. कमी पडली ती एक बॅग मी उधारीवर दिली. तिच्या पावतीवर लॉट नंबर इतका मोठा लिहिला की तो रकान्याबाहेर गेला.

त्या रात्री मी आमची पावती पहिल्यांदा नीट वाचली. वर बियाणं, खत, औषध यांचे परवाना क्रमांक: ते गुणनियंत्रण निरीक्षक विचारणार. जीएसटी क्रमांक आणि कराचा रकाना: सरकार विचारणार. बियाण्याला जीएसटी नाही, तरी मी तिथं शून्य न चुकता टाकलं होतं. रोख की उधार: अण्णा विचारणार. मामांसाठी असलेला रकाना एकच होता, आणि तोही बियाणं उगवलं नाही तरच लागणारा. उगवलं तर कुणी कधीच विचारलं नसतं. आणि गर्दीत मी सोडला तो नेमका तोच. कुणी शिकवलं नव्हतं मला तसं. हाताला आपोआप कळतं, कोण विचारायला येईल आणि कोण येणार नाही.

एकदा ही गोष्ट दिसली की सगळीकडं दिसायला लागते. खतासाठी आमच्याकडं ई-पॉस यंत्र आहे. २०१७-१८ पासून अनुदानाचं खत त्याच्यावर नोंदल्याशिवाय विकता येत नाही, आणि ओळख पटवायची ती बहुतेक वेळा अंगठ्यानं. योजनेचं नाव थेट लाभ हस्तांतरण, पण गॅससारखे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर येत नाहीत. दुकानात विक्री नोंदली की अनुदान खत कंपनीला मिळतं. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकरी २६६ रुपये ५० पैशांना नेतो, बाकीचा भार सरकार उचलतं, आणि ते नीट उचललं जावं म्हणून अंगठा. निंदण-खुरपण करून रेषा पुसलेला अंगठा यंत्राला वाचता येत नाही. मग हात धुवा, दस्तीला पुसा, डोक्यावरून फिरवा म्हणजे तेल लागेल, दुसरं बोट लावा. शेवटी कॉलेजात जाणारा पोरगा सोबत असला तर त्याचा अंगठा. यंत्राच्या लेखी खत त्या पोराला विकलं. त्याला खताच्या गोणीचं तोंड कुठून उसवायचं ते ठाऊक नाही. पण यंत्राचा प्रश्न ‘शेत कोण कसतं’ हा नव्हताच. ‘गोणी खरीच विकली गेली का’ एवढाच होता, आणि त्याला बिनचूक उत्तर मिळालं.

बारकोडचंही असंच आहे. दुकानात आजच्या धाटणीचा बारकोड वाचून माल विकायची सुरुवात २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावी झाली. पहिली वस्तू च्युइंगमचं पाकीट. त्या रेघा सांगतात की हे अमुक कंपनीचं तमुक पाकीट आहे. किंमत काढायला, साठा मोजायला तेवढं पुरतं. पण ‘त्याच पाकिटांतलं नेमकं कुठलं?’ हे त्या रेघांना माहीत नसतं. दुकानदाराला त्याची गरजच नव्हती. मामांना होती.

बिलाचं सॉफ्टवेअर लगेच आणायचं असं माझ्या डोक्यात शिरलं. अण्णांनी थांबवलं. “मृगात कुणी घर शाकारतं का?” मी तेव्हा फुरंगटले होते, पण पुढच्याच धड्यात हर्शे या अमेरिकेतल्या चॉकलेट कंपनीची हकीकत निघाली. १९९९ साली त्यांनी मोठी नवी संगणक प्रणाली सुरू केली, ती नेमकी हॅलोविनच्या मागण्या यायच्या तोंडावर. हॅलोविन म्हणजे त्यांच्या धंद्याचा मृग. माल होता, पण ऑर्डरी वेळेवर बाहेर पडेनात, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या अडकल्या. अण्णांना वाचून दाखवलं. ते फक्त “मग?” एवढंच म्हणाले.

दिवाळी झाल्यावर, पाडव्याच्या मुहूर्तावर नाही तर चांगलं निवांत कार्तिकात, खाती संगणकात भरायला घेतली. पहिलीच अडचण नावांची. एका गावात नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं एकसारखं असलेले तिघं निघाले. यंत्र म्हणतं हे नाव आधीच आहे. अण्णांच्या खतावणीत मात्र गोंधळ नव्हता: एकापुढं ‘वडाजवळचे’, दुसऱ्यापुढं ‘सायकलवाले’, तिसऱ्यापुढं ‘नांदेडला पोरगा’. पुस्तकात ‘प्रायमरी की’ नावाचं प्रकरण मी दोनदा वाचून मला कळलं नव्हतं, ते त्या पानावर कळलं. प्रत्येक नोंदीला अशी खूण हवी जी दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. अण्णांच्या खुणेत एकच खोट होती. सायकलवाल्यांनी २०११ सालीच मोटारसायकल घेतली होती. शेवटी मोबाईल नंबर घातला. तोही बदलतात लोक, पण सायकलीपेक्षा कमी वेळा.

दुसरी अडचण उधारीची. सॉफ्टवेअर येणं बाकी असलेल्या रकमेचं वय सांगतं: ३० दिवसांपर्यंत, ६०, ९०, आणि त्यापुढं सगळं लाल. पुढच्या सप्टेंबरात मी तो अहवाल काढला तर निम्मा तालुका लाल. अण्णा बघून म्हणाले, “सप्टेंबरात कोण पैसे देतंय? सोयाबीन तर निघू दे.” जूनचं खत आणि ऑगस्टची फवारणी यांचे पैसे दसरा-दिवाळीला येणार, हे इथं शेंबड्या पोराला माहीत असतं. मग मी दिवसांचे रकाने काढून पिकांचे घातले. मुगावर, सोयाबीनवर, कापसावर, तुरीवर. ज्यानं ज्या पिकावर द्यायचं कबूल केलं त्या पिकाखाली त्याचं नाव.

आणि तेव्हा यंत्रानं असं काही दाखवलं जे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. ‘तुरीवर देतो’ म्हणणाऱ्यांत सात जण असे होते ज्यांनी दोन तुरी होऊन गेल्या तरी दिले नव्हते. खतावणीत ते सात वेगवेगळ्या पानांवर होते, एका ओळीत कधी आलेच नव्हते. अण्णा चष्मा काढून बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसले. त्यांतला एक त्यांचा शाळेतला मित्र.

मुदतीचा अहवाल तर त्याहून वाईट. एका टॉनिकच्या बाटल्यांनी दोन फळ्या अडवल्या होत्या, वर्षात अकरा विकल्या गेल्या, बाकीच्यांची मुदत संपत आलेली. एवढा माल का उचलला? तर उचलीवर बँकॉकची सहल होती. अण्णा जाऊन आले, आम्हाला चावीला अडकवायचे हत्ती आणले. ती सहल आपल्याला कितीला पडली याचा आकडा निघाला तेव्हा आई म्हणाली, तेवढ्यात सगळ्या घराची काशीयात्रा झाली असती.

अण्णांची खतावणी, आजोबांची चोपडी, हमालदादांची आठवण यांच्यापुढं यंत्र थिटं पडतं असं लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं. पण ते खरं नाही. हमालदादांची आठवण समितीपुढं चालली नाही, आणि मित्राची उधारी अण्णांना खतावणीतून दिसली नाही. तसं यंत्रानं सगळं सुधारलं हेही खरं नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये लॉट नंबरची खिडकी ‘ऐच्छिक’ होती. रिकामी ठेवून पुढचं बटण दाबलं की बिल निघत होतं, कार्बनच्या पावतीसारखंच. ती सक्तीची करायला सॉफ्टवेअरवाल्या पोराला मी तीन फोन केले. तो म्हणे, “मॅडम, सीझनला बिलिंग स्लो होईल, बाकी दुकानदार उलट सक्ती काढून मागतात.”

२०२३ साली केंद्र सरकारनं बियाण्याचा माग ठेवण्यासाठी ‘साथी’ नावाचं पोर्टल सुरू केलं. टॅगवर क्यूआर कोड असतो, त्यात लॉटची कुंडली. कल्पना चांगली आहे. जूनच्या आठ तारखेला, वीज गेलेली, नेट नाही, बाहेर चाळीस माणसं आणि आभाळ भरून आलेलं, अशा वेळी काय होतं ते बघत राहायचं.

मामा आता बहुतेक घरचंच बियाणं ठेवतात. मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात आणि कोंब मोजतात. सत्तरच्या वर आले तर पेरायचं. तरी दर साली एक बॅग आमच्याकडून नेतात, नवा वाण म्हणून. औंदा कृषी विद्यापीठाचा वाण मागितला. मी बिल काढलं, त्यांच्या हातात दिलं, पुढच्या माणसाला हाक मारली.

मामा हलले नाहीत. त्यांनी बॅग उभी केली, शिवणीतला टॅग सरळ केला, चष्मा लावला. “वाचा,” म्हणाले. मी बिलावरचा लॉट नंबर वाचायला लागले. ते टॅगवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. मधेच इंग्रजी अक्षर आलं तसं थांबले, “हे यस हाय का पाच?” मागून कुणीतरी ओरडलं, “ओ मामा, उरका की, आभाळ बगा!”

“थांब रे,” मामा म्हणाले, बोट न उचलता. “हां बाई, पुढचं.”